तरत्या राज्यात विहीणबाई रुसल्या त्याची हकीकत

श्रीवरुण सुप्रसन्न. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, पौष वद्य पंचमी, मंदवार, ते दिवशी पूर्वसमुद्रात एक राज्य पाण्यावर तरंगत असता जे वर्तमान घडले ते येथे लिहिले असे. राज्यास नाव होते, परंतु ते परभाषेतले आणि लांबलचक, म्हणून आम्ही सर्वांनी त्यास बोट म्हटले आणि काम भागविले. राज्याचे मजले चौदा, पोहण्याचे हौद तीन, भोजनशाळा सहा, आणि चहाची यंत्रे ठिकठिकाणी, परंतु त्या यंत्रांतून चहा म्हणून जे निघे ते कोमट निघे, एवढे एक वैगुण्य सोडता राज्य सर्वसंपन्न. प्रजा साडेतीन हजार, पैकी एक हजार काम करीत आणि उरलेले नुसते खात, आणि तरीही दोघांत भांडण नव्हते. कप्तानसाहेब गडाचे धनी, ते सहसा दर्शन देत नसत, छतातून आवाज तेवढा येई. लिहिणार या स्वारीत होता, रांगेत शेवटचा, चिवड्याची पिशवी त्याच्या खांद्यास, सबब जे पाहिले ते मागून पाहिले.

स्वारीच्या मुखत्यार चंद्रप्रभाबाईसाहेब कारखानीस, राहणार ठाणे, वय वर्षे चौसष्ट, मागील सफरी तेरा, ही चौदावी. त्यांचे यजमान भार्गवराव, यांचे काम पिशवी उचलणे आणि मान डोलावणे, आणि दोन्ही कामे ते फार मायेने करीत. आमच्या सोसायटीतील सात असामी बाईसाहेबांच्या भरवशावर निघाल्या होत्या, कारण बाईसाहेबांनी तेरा सफरींचे शहाणपण एका लांबट वहीत उतरविले होते, आणि त्यातील नियमांस त्या कलमे म्हणत, आणि निघण्यापूर्वी क्लबहाउसात तीन बैठका घेऊन ती सतरा कलमे त्यांनी आम्हांकडून पाठ करविली. खोली घ्यावी ती मधल्या भागात आणि खालच्या मजल्यावर, टोकाची आणि वरची खोली पाळण्यासारखी हलते. मोठी बॅग खोलीत पोचण्यास संध्याकाळ होते, म्हणून औषधे, पोहण्याचे कपडे आणि एक साधा जोड हातपिशवीत ठेवावा, मग इतर लोक बूट घालून बॅगेची वाट पाहत बसतात आणि आपण हौदात असतो. खोलीच्या भिंती लोखंडी, त्यांस चुंबक चिकटतात, आणि चुंबकास आकडा लावला की ओले पंचे वाळतात. दरवाजे सगळे एका चेहऱ्याचे, म्हणून आपल्या दारास प्लास्टिकच्या झेंडूचे तोरण बांधावे. पोटात ढवळले तर आल्याची वडी चघळावी आणि हिरवे सफरचंद खावे. भोजनशाळेत ताट हाती धरण्यापूर्वी एक प्रदक्षिणा घालावी, नाहीतर पोट पहिल्या टेबलावरील पावाने भरते आणि कोळंबी शेवटच्या टेबलावर असते. उतरण्याच्या आदल्या संध्याकाळी बॅगा दाराबाहेर ठेवण्याचा हुकूम होतो, तेव्हा सकाळचे कपडे आधी काढून घ्यावे. हे कलम भार्गवरावांच्या अंगावर बेतून तयार झाले, सहाव्या सफरीत ते पट्ट्यापट्ट्यांच्या पायजम्यानिशी परमुलखात उतरले आणि तेथील अंमलदारांनी त्यांस आजारी समजून चाकाची खुर्ची दिली. आणि सर्वांत कडक कलम चौथे. किनाऱ्यास लागल्यावर बोटीची वेळ पाळावी, किनाऱ्याचे घड्याळ पाहूही नये, आणि मोबाईल तर मुळीच नाही, कारण तो किनारा दिसताच मालक बदलल्यासारखी वेळ बदलतो. म्हणोन बाईसाहेबांनी नऊ जणांचे नऊ मोबाईल एकेक करून हाती घेतले आणि ती खोड स्वहस्ते बंद केली, आणि वेळ पाहणे ती आपल्या मनगटावरच्या घड्याळात पाहून सर्वांस सांगू लागल्या.

आता दहावी असामी. अनसूयाबाई दिघे, राहणार पेण, तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त, आणि नात्याने चंद्रप्रभाबाईसाहेबांच्या विहीणबाई, कारण यांची कन्या ऋजुता ही त्यांचे चिरंजीव कौस्तुभ यांस दिली होती. दोन वर्षांमागे पेणेस लग्न झाले, तेव्हा वरमाई चंद्रप्रभाबाईसाहेबांस जानवशात चहा गेला, आणि त्यांनी एक घोट घेऊन पेला खाली ठेविला आणि म्हणाल्या, चहा गार आहे, आणि रुसल्या आणि मोटारीत जाऊन बसल्या. आता वरमाईने रुसावे हा रिवाजच आहे, न रुसली तर लोक विचारतात काय बिनसले, परंतु भर मांडवात चारशे माणसे पाहत असता अनसूयाबाई हाती दुसरा चहा घेऊन मोटारीपाशी गेल्या आणि हात जोडून म्हणाल्या, "चुकलं आमचं, विहीणबाई," तेव्हा कोठे स्वारी खाली उतरली. त्या दिवसापासून अनसूयाबाईंनी विहिणीसमोर वरचा शब्द काढिला नाही, हो म्हणावे आणि पुढे जावे, असे धोरण. मुलीच्या घरात आपल्या तोंडून वाकडे गेले तर भोगणार ऋजुता, हे त्या जाणून होत्या. मुलांनाच मग वाईट वाटले आणि दोघींची मने जुळावी म्हणून त्यांनी दोघींस एका सफरीवर पाठविले. भार्गवराव मनातून भ्याले, परंतु मान डोलावली.

मग आम्ही गडावर दाखल झालो आणि पहिले चार दिवस कलमांप्रमाणे बहुत सुखाचे गेले. इतर प्रजा बॅगांची वाट पाहत असता आमची फौज हौदात, इतर प्रजा एकसारख्या दारांपुढे चाव्या घेऊन हिंडत असता आमच्या दारी तोरण, आणि कोळंबी तर आम्ही इतकी खाल्ली की तेथील आचारी आम्हांस पाहून हसू लागला. बाईसाहेबांची मर्जी खूष, कलमे खरी ठरली, आणि परक्या लोकांसही त्या सल्ला देऊ लागल्या. इकडे अनसूयाबाईंची रीत निराळी. रोज संध्याकाळी गडाचे चाकर प्रत्येक खोलीत एक छापील कागद ठेवीत, त्यात उद्याचे सर्व वर्तमान असे, भोजन केव्हा, खेळ कोठे, दार केव्हा बंद. बाईसाहेबांनी तो कागद कधी वाचला नाही. "तेरा सफरी झाल्या, मला हा कागद काय नवीन सांगणार?" असे म्हणून त्या त्यावर लोणच्याची बरणी ठेवीत, म्हणजे टेबलास तेल लागत नाही, आणि त्यांचे पाहून आम्हीही बरण्या ठेविल्या. अनसूयाबाईंनी मात्र छत्तीस वर्षे परिपत्रके वाचली होती, कागद दिसला की चष्मा आपोआप नाकावर येई, त्यांनी तो पहिल्या ओळीपासून छापखान्याच्या नावापर्यंत वाचावा, तारीखवार टाचणी लावून ठेवावा, आणि मग चावीचे घड्याळ पिळावे आणि निजावे.

चौथ्या दिवशी सायंकाळच्या पंगतीत बाईसाहेब शेजारच्या टेबलावरील एका दांपत्यास सफरचंदाचे कलम समजावून देत होत्या, आणि आम्ही कौतुकाने ऐकत होतो, आणि त्याच वेळी छतातून कप्तानसाहेब काही बोलले. बाईसाहेबांनी हात वर करून म्हटले, "हे रोजचंच असतं," आणि पुढले कलम सुरू केले. कप्तानसाहेब बोलिले ते असे, की बोट पूर्वेस चालली आहे, सबब आज निजताना सर्वांनी घड्याळे एक तास पुढे करावी, आणि उद्या बेटावर उतरणारांनी चार वाजता परत यावे, साडेचारास बोट सुटेल, कोणासाठी थांबणार नाही. हेच कागदावर मोठ्या अक्षरात छापले होते, परंतु आमच्या पाच खोल्यांपैकी चार खोल्यांत त्या अक्षरांवर बरण्या होत्या. अनसूयाबाईंनी कागद वाचला, घड्याळ तासभर पुढे केले, आणि हे सर्वांस ठाऊकच असणार, विहीणबाईंस तर असणारच, असे समजून त्या स्वस्थ निजल्या.

पंचमीचा दिवस उगवला. आम्ही आठ वाजता न्याहारीस गेलो तो इडल्या संपलेल्या आणि चाकर टेबले पुशीत होते, अनसूयाबाई तेवढ्या आधीच खाऊन गेल्या होत्या. बाईसाहेब म्हणाल्या, लोक फार अधाशी झाले आहेत. मग दरवाजावर पाटी होती, परत येणे चार वाजता, ती त्यांनी आम्हांकडून मोठ्याने वाचवून घेतली आणि स्वारी बेटावर उतरली. पारपत्रे खोलीतल्या लोखंडी पेटीत ठेवून उतरावे असे नववे कलम असल्यामुळे आम्हा दहांची पारपत्रे वर राहिली. बेट फार सुंदर, माडांची राई, पांढरी वाळू, आणि धक्क्यापासून चालत वीस मिनिटांवर एक बाजार, त्यात टोप्या, शंख, माशांची भजी. एका देवळासारख्या इमारतीवर मोठे घड्याळ होते, ते एक तास अधिक दाखवीत होते. आमच्यातील एकाने मान वर केली तेव्हा बाईसाहेबांनी त्यास दटावले, "कलम चौथं काय?" आणि आम्ही सर्वांनी एकमुखाने म्हटले, किनाऱ्याचे घड्याळ पाहू नये.

मग फिरून दमलो आणि माडाखाली बाके होती तेथे बसलो, आणि शहाळी मागविली. बाईसाहेबांनी मनगट पाहून जाहीर केले, "दोन वाजून दहा मिनिटं. आरामात बसा. साडेतीनला उठू." अनसूयाबाईंनी आपले घड्याळ पाहिले, त्यात तीन वाजून दहा. त्यांनी वर इमारतीवर पाहिले, तेथेही तीन वाजून दहा. त्यांच्या तोंडचे पाणी पळाले, शहाळे येण्यापूर्वीच. त्या हळूच विहिणीजवळ सरकल्या आणि म्हणाल्या, "विहीणबाई, आपलं घड्याळ जरा..." तोच बाईसाहेब सर्वांस ऐकू जाईल असे हसून म्हणाल्या, "बघा, विहीणबाईंनी शेवटी किनाऱ्याचं घड्याळ बघितलंच. पहिल्या सफरीला सगळे फसतात हो, वाईट वाटून घेऊ नका." मंडळी हसली, लिहिणारही हसला, हे लपविण्यात अर्थ नाही. अनसूयाबाई मागे सरल्या. मग त्या भार्गवरावांकडे गेल्या आणि कानात सर्व सांगितले. भार्गवराव पांढरे पडले आणि म्हणाले, "मी सांगू तिला? विहीणबाई, मी एकोणचाळीस वर्षांत तिला फक्त एकदा वेळ सांगितली होती, मुहूर्ताची. त्यावरही ती म्हणाली, भटजींना विचारते."

आता अनसूयाबाईंस इकडे आड तिकडे विहीर. उघड म्हणावे की बाई, तुमचे घड्याळ चुकले, तुम्ही कागद वाचला नाही, तर चौदा सफरींचा मान आठ माणसांपुढे धुळीस मिळतो आणि त्याचा सूड बिचाऱ्या ऋजुतेवर उगवतो. न म्हणावे तर बोट सुटते, आणि दहा माणसे बिनकागदाची परमुलखात चिवड्याच्या पिशवीनिशी उरतात. त्या पाच मिनिटे बसल्या, घड्याळ पाहिले, पुन्हा बसल्या. कचेरीत छत्तीस वर्षांत त्यांनी साहेबाच्या चुका साहेबाच्या सहीनेच दुरुस्त करविल्या होत्या, ती विद्या त्यांस आठवली असावी. इतक्यात शहाळी आली, वाढणाराने एका टोकाकडून वाटत आणली, आणि योगायोगाने अनसूयाबाईंच्या हाती ते सर्वांत शेवटी आले. त्यांनी शहाळे घेतले, बाकावर ठेविले, पदर सावरिला, आणि उठून वीस हात दूर जाऊन एका माडास पाठ लावून उभ्या राहिल्या आणि तोंड फिरविले.

भार्गवराव गेले आणि विचारिले, काय झाले. अनसूयाबाई म्हणाल्या, "मला शहाळं शेवटी आलं. मी रुसले आहे." भार्गवरावांस वाटले ऐकण्यात चुकले. त्यांनी परत येऊन वर्तमान निवेदन केले आणि मंडळींनी शहाळी तोंडापासून दूर केली, कारण वधूची आई रुसली हे कोणी ऐकले नव्हते. बाईसाहेब प्रथम हसल्या, मग चिडल्या, मग विचारात पडल्या. रुसव्याचे शास्त्र त्यांच्याइतके कोणास ठाऊक नव्हते, आणि त्या शास्त्राचे पहिले वचन असे की रुसणाराचे कारण तपासायचे नसते. आज विहिणीचे कारण तपासले तर उद्या पेणच्या चहाचीही तपासणी निघेल. त्या उठून माडापाशी गेल्या आणि म्हणाल्या, "हे काय वेड्यासारखं, विहीणबाई? दुसरं शहाळं मागवते."

"मला शहाळं नको."

"मग काय हवं?"

"मला बोटीवर जाऊन बसायचं आहे. आणि तुम्ही सगळ्यांनी पोचवायला यायचं. एकालाही मागे ठेवायचं नाही. आत्ता."

"अहो, अजून बाजार राहिलाय. दीड तास आहे हातात."

"मी तुम्हाला मोटारीतून उतरवायला एकटी आले होते," अनसूयाबाई माडाकडे पाहतच बोलल्या, "तेव्हा मी म्हटलं नव्हतं की मांडवात कामं राहिलीत."

 बाईसाहेबांनी हात वर केला आणि फौजेस कूच करण्याचा हुकूम दिला. मग पुढे अनसूयाबाई, त्यांच्या मागे बाईसाहेब धुसफुसत, मग भार्गवराव दोन पिशव्या घेऊन, मग सर्व मंडळी, आणि आश्चर्य हे की रुसलेली बाई सामान्यतः सावकाश चालते, परंतु या इतक्या वेगाने चालल्या की आमची भजी पोटात उड्या मारू लागली. वाटेत एकाने टोपी पाहण्यास थांबू म्हटले, तेव्हा अनसूयाबाई मागे वळल्या आणि म्हणाल्या, "टोपी घेतली तर मी अजून रुसेन." तो बिचारा धावत सुटला. बाईसाहेब वाटभर म्हणत होत्या, असला हट्ट मी बघितला नाही बाई, आणि भार्गवराव मान डोलावीत होते, फक्त या वेळी ती कोणासाठी डोलवीत होते ते सांगता येत नाही.

धक्का आला. बोटीच्या दरवाजावर मोठे घड्याळ होते, बोटीचे स्वतःचे, किनाऱ्याचे नव्हे, आणि त्यात चार वाजण्यास दोन मिनिटे कमी होती. दोन पहारेकरी दोर सोडण्याच्या तयारीत होते. एकाने आमच्याकडे पाहून बोटे दाखविली, दहा, आणि यादीवर दहा खुणा केल्या आणि म्हणाला, तुम्ही जवळजवळ शेवटचे. बाईसाहेबांनी ते घड्याळ पाहिले, मग मनगट पाहिले, त्यात तीन वाजण्यास दोन मिनिटे कमी, मग पुन्हा ते घड्याळ पाहिले. त्यांचा चेहरा उतरला. मंडळीही घड्याळाकडे पाहू लागली आणि एकमेकांकडे पाहू लागली, आणि कोणी तोंड उघडणार इतक्यात अनसूयाबाई सर्वांपुढे हात जोडून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "माझ्या रुसव्यापायी तुमचा बाजार बुडाला. चुकलं माझं. चला आता, आत चला." लिहिणाराने चिवड्याची पिशवी तेथे खाली ठेविली, कारण हेच शब्द, हेच हात, पेणच्या मांडवात त्याने पाहिले होते, आणि तेव्हा ते हरण्याचे वाटले होते.

साडेचारास बोट सुटली. आम्ही सातव्या मजल्याच्या कठड्यापाशी उभे होतो, आणि पाहतो तो धक्क्यावर दोन असामी नव्या टोप्या घालून धावत येत आहेत, हात हलवीत आहेत, आणि मधले पाणी रुंद होत आहे. कप्तानसाहेब थांबले नाहीत, ते कोणासाठी थांबत नाहीत. ते दांपत्य तेच, ज्यांस बाईसाहेबांनी पंगतीत सफरचंदाचे कलम शिकविले होते, आणि ज्यांनी त्या वेळी छतातला आवाज ऐकला नव्हता. बाईसाहेब ते लहान होईपर्यंत पाहत राहिल्या. मग कोणास काही न सांगता त्या खाली गेल्या आणि त्या दोघांचे नाव व खोली गडाच्या कचेरीत कळवून आल्या, की त्यांची पारपत्रे आणि बॅगा पुढच्या मुक्कामी पोचवा, दोष माझा आहे, मीच बडबडत होते. हे त्यांनी आम्हांस सांगितले नाही, कचेरीतील मुलीने भार्गवरावांस सांगितले.

त्यानंतर चंद्रप्रभाबाईसाहेब यंत्रापाशी गेल्या आणि स्वतःच्या हाताने चहाचे दोन पेले भरून आणले. अनसूयाबाई कठड्याजवळच्या खुर्चीवर पाय वर घेऊन बसल्या होत्या, चालून पावले सुजली होती. बाईसाहेबांनी एक पेला त्यांच्या हाती दिला आणि शेजारी बसल्या, आणि समुद्राकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुम्हाला सकाळपासून माहीत होतं ना?"

"नाही हो. शहाळी मागवली तेव्हा कळलं. मला वाटलं, कागद तुम्ही वाचला असेल."

"सगळ्यांसमोर सांगायचं होतंत. मी तर सांगितलं असतं."

"मुलगी तुमच्या घरी आहे," अनसूयाबाई म्हणाल्या, आणि चहाचा घोट घेतला.

बाईसाहेबांच्या डोळ्यांस पाणी आले. त्यांनी ते पुसले नाही, वारा आहे म्हणून कोणास कळणार नाही असे त्यांस वाटले असावे. मग त्या पेला दोन्ही हातांत धरून बोलल्या, "विहीणबाई, पेणचा चहा गरम होता. माझी जीभ पोळली होती."

"ठाऊक आहे," अनसूयाबाई म्हणाल्या. "मीच ओतला होता."

मग दोघी त्या यंत्राचा कोमट चहा शेवटपर्यंत प्याल्या आणि कोणी तक्रार केली नाही.

येणेप्रमाणे स्वारी दहाच्या दहा असामींनिशी सुखरूप परत आली, आणि शेवटच्या संध्याकाळी बॅगा दाराबाहेर ठेवताना भार्गवरावांनी पायजमा सोडून बाकी सर्व कपडे बाजूस काढिले. त्या दांपत्यास पुढच्या मुक्कामी त्यांच्या बॅगा मिळाल्या, टोप्या त्यांच्या डोक्यांवर होत्याच. बाईसाहेबांच्या वहीत अठरावे कलम चढले, आणि ते त्यांच्या हस्ताक्षरात नाही, कारण त्यांनी वही आणि लेखणी विहिणीच्या हाती दिली, आणि अनसूयाबाईंनी कचेरीच्या वळणदार अक्षरात लिहिले: कागदावर बरणी ठेवण्यापूर्वी कागद वाचावा. खाली दोन सह्या आहेत, वरमाईची खाली. वाचणारांनी बोध घ्यावा, ऐकणारांनी शहाळे घ्यावे, आणि लिहिणारास रजा द्यावी, चिवडा संपला आहे.